पेटीचा निवाडा

रविवारी सकाळी आठ वाजता थोरला आला तो हातात फाईल घेऊन. आईवडिलांकडे येताना माणूस फळं आणतो, पाव आणतो, गेलाबाजार वर्तमानपत्र तरी आणतो. ह्या पठ्ठ्याने फाईल आणली. मागून त्याची बायको आली. औषधांच्या दुकानात नोकरीला असल्यामुळे तिच्या हातात निदान सासूच्या गोळ्यांचं पाकीट तरी होतं.

"फाईल आत ठेव," अप्पा म्हणाले. ते शेडमध्ये गाडीच्या पुढच्या चाकाशी पाट टाकून बसले होते. "आधी पेटी, मग फाईल. ठरलंय तसं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

ठरलं होतं बुधवारी, फोनवर, दोन्ही बाजूंनी ओरडून. बारा दिवसांपूर्वी अप्पा आईला शेजारी बसवून उतारावरून खाली निघाले, पहिल्या वळणाला वळले आणि वळतच राहिले. गाडी सरळ व्हायच्या ऐवजी विजेच्या खांबाला जाऊन भिडली. वेग काही नव्हता, पण आईने हात पुढे टेकला आणि तिचं मनगट मोडलं. त्याच संध्याकाळी थोरल्याने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. शहात्तर वर्षांच्या माणसाचे हात आता हात राहिले नाहीत, असा निकाल त्याने दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या देऊन टाकला. अप्पा म्हणत होते, हातांना काही झालेलं नाही, स्टिअरिंगची पेटी गेली आहे. थोरला म्हणत होता, अप्पा, पुरे आता.

शेवटी तह झाला. जुनी पेटी सगळ्यांसमोर काढायची. ती खराब निघाली तर नवी बसवायची आणि किल्ली परत. चांगली निघाली तर अप्पांनी वाहन परवाना परत करण्याच्या अर्जावर सही करायची. तो अर्ज त्या फाईलमध्ये होता, आणि थोरल्याने तो भरूनसुद्धा आणला होता. सही तेवढी बाकी.

सही झाली की पुढचं सगळं ओघाने येणार होतं. घर चढावर, वर बस येत नाही, रिक्षावाले नाक मुरडतात. गाडी नाही म्हणजे दोघांना थोरल्याच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहणं आलं. त्याने तिकडे एक खोली रिकामी करून पडदेदेखील लावले होते. पडद्यांचा रंग आईला विचारला नव्हता. आईने ते ऐकलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा या घरात शहाण्याने दोन पावलं मागे सरकावं.

"अगं, दिवा डावीकडे धर," अप्पा गाडीखाली बघत म्हणाले. "माझ्या नाही, तुझ्या डावीकडे."

"अप्पा, मी उताणी झोपलेय. माझी डावी कुठली ते मलाच कळत नाहीये," खालून धाकटीचा आवाज आला.

धाकटीचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर सुया, दोरे आणि दातेरी चाकं यांच्याशी झुंजणाऱ्या बाईला गाडीची पेटी म्हणजे मोठं शिवणयंत्रच. बदलीची पेटी तिनेच शोधून आणली होती, भंगारातल्या तशाच जुन्या गाडीतून. अप्पांनी ती तीन दिवस खपून साफ केली आणि तिच्यातला झिजलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, कोपऱ्यातल्या लेथवर स्वतः कातून बसवला. अडतीस वर्षं कारखान्यात कातारी म्हणून काढलेला माणूस तो. बुश असा बसला की धाकटीने बोटाने फिरवून बघितला आणि नुसती मान डोलावली.

"हाताला कंप असलेल्या माणसाने कातलाय हो," अप्पा थोरल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

थोरल्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

आता खरं सांगायचं तर अप्पांचा हा सगळा आवाज वरवरचा होता. गेले बारा दिवस दाढी करायच्या आधी ते आरशासमोर उजवा हात पुढे धरून शंभरपर्यंत मोजायचे. कधी हात स्थिर दिसे, कधी साठाच्या पुढे बोटं हलल्यासारखी वाटत. मग ते डावा धरून बघायचे. पेटी चांगली निघाली तर? हा प्रश्न त्यांना थोरल्यापेक्षा जास्त छळत होता. म्हणून तर ते एवढे ओरडत होते.

काका शेडच्या दारात स्टूल टाकून बसले होते. अप्पांचा हा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बायको गेल्यापासून मागच्या खोलीत राहत होता. सगळं घर अप्पांना अप्पा म्हणे, तसं तोही म्हणे.

"अप्पा, आधी बॅटरीची वायर काढलीत ना? नाहीतर हॉर्न बोंबलेल."

"काढली."

"आणि चाक काढायच्या आधी खूण केलीत? खुणेशिवाय काढलं तर पुन्हा वाकडं बसेल."

"केली रे बाबा. तू चहा पी."

स्टिअरिंगचं चाक निघालं. मग धाकटीने खालून पेटीला चाकांशी जोडणारा आर्म सोडवायला घेतला. तो अनेक वर्षं एका जागी घट्ट रुतलेला. तिने ओढून काढायचा पुलर लावून ताण दिला, हातोडीने बाजूने दोन टोले घातले, तिसऱ्याला ठण्णकन आवाज झाला आणि आर्म सुटला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण पडलं?" तिला चौघांनी एकदम सांगितलं की कोणी नाही.

तीन बोल्ट सोडवून पेटी तिच्या लांब दांड्यासकट बाहेर यायला साडेदहा वाजले. अप्पा आणि थोरल्याने मिळून ती उचलून लेथशेजारच्या टेबलावर ठेवली. बारा दिवसांत बापलेकांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम, पण दोघांनीही एकमेकांकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

"आता बघा सगळ्यांनी," अप्पा म्हणाले. "फिरव गं."

धाकटीने पेटी शिकंज्यात पकडली आणि तिचा दांडा एका टोकापासून फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला तो सरळ फिरला. मध्यावर आल्यावर तिचा चेहरा बदलला. तिने दोन्ही हात लावले. दांडा अडला, करकरला, आणि मग झटका देऊन पुढे गेला. पलीकडच्या टोकाला पुन्हा मऊ.

"मध्येच आवळतोय, अप्पा. चांगलाच."

"मी फिरवतो!" अप्पांनी तिला जवळजवळ ढकललंच. त्यांनी फिरवला. मध्यावर आल्यावर दांडा त्यांच्याही हातात अडला. त्यांनी परत फिरवला. पुन्हा परत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी खोकल्याचं नाटक केलं.

"हात म्हणे गेले!" ते ओरडले. "वळल्यावर गाडी सरळ व्हायची कशी? पेटीच सोडत नाहीये! कोण म्हणत होतं हात? बोला की आता!"

"मान्य," थोरला म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पेटी खराब आहे. माझं चुकलं."

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण अप्पा कातारी होते. वस्तू बिघडली हे कळून त्यांचं समाधान होत नसे, कशाने बिघडली हे कळावं लागे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पेटीच्या डोक्यावर वाकले. तिथे पेटीचा सैलपणा कमीजास्त करायचा एक स्क्रू असतो आणि त्याच्यावर तो जागेवर धरणारा एक चेकनट. त्या नटचे कोपरे चावल्यासारखे झिजले होते, आणि ताजे चकाकत होते.

"हे काय आहे?" अप्पा हळू म्हणाले.

त्यांनी नटवरून अंगठा फिरवला.

"हा नट मी सहा वर्षांत सोडलेला नाही. आणि सोडतो तेव्हा बरोब्बर मापाचा पाना लावतो. हा ॲडजस्टेबल पान्याने सोडलाय. कोपरे खाल्लेत त्याचे! कोणीतरी स्क्रू आवळलाय. माझ्या गाडीचा. मला न विचारता!"

बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. काकांच्या मांडीवर त्यांचा ॲडजस्टेबल पाना होता. तो नेहमीच त्यांच्या आसपास असायचा. त्या एका पान्याने ते नळापासून कुलपापर्यंत सगळं दुरुस्त करायचे आणि मग दुसऱ्याला बोलवावं लागायचं.

"माझ्याकडे काय बघताय?" काका म्हणाले.

"तू आवळलास?"

"मी? अप्पा, ह्या गाडीला मी चौतीस वर्षांत बोट लावलेलं नाही!"

"चौतीस वर्षांपूर्वी न विचारता रंग दिला होतास. हिरवा!"

"तोच सांगतोय! त्या रंगापायी तुम्ही माझ्याशी दीड वर्ष बोलला नाहीत. त्यानंतर मी या गाडीवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. तुमच्या घरात राहतो म्हणून काय वाटेल ते माझ्या माथी मारणार?"

"काका, कदाचित सहज म्हणून," धाकटी मवाळ सुरात म्हणाली, "म्हणजे चांगल्या हेतूनेच..."

"तूसुद्धा?"

काका उठले. स्टूल पडलं. त्यांनी ते उचलून सरळ ठेवलं, आणि ते मागच्या खोलीत गेले. पाचच मिनिटांनी तिथून कपाटाची दारं उघडझाप केल्याचे आवाज यायला लागले.

थोरला टेबलाशीच उभा होता. त्याची नजर नटवरून हटत नव्हती.

अपघाताच्या दोन दिवस आधी, रविवारी, तो इथे आला होता. जरा बाजारात जाऊन येतो म्हणून गाडी काढली, तर स्टिअरिंगचं चाक अर्धी वीत नुसतंच हलत होतं, गाडी मागाहून वळत होती. या गाडीत आई बसते, या विचाराने तो बाजारात न जाताच परत फिरला. अप्पांना सांगायचं तर ते म्हणणार, तुला काय कळतंय. अठराव्या वर्षापासून ते वाक्य तो ऐकत आला होता. म्हणून अप्पा अंघोळीला गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं, काकांच्या खिडकीतला पाना घेतला, फोनवर एक व्हिडिओ लावला आणि स्क्रू आवळला. व्हिडिओतला माणूस फार पाल्हाळ लावत होता, म्हणून मधला भाग त्याने पुढे ढकलला. चाक हलवून बघितलं, ढिलाई गायब. केवढं हायसं वाटलं होतं त्याला! आणि म्हणूनच अपघात झाल्यावर त्याला एका क्षणासाठीही पेटीची शंका आली नाही. पेटी तर त्याने स्वतः नीट केली होती. मग राहिलं काय? अप्पांचे हात.

आता त्याला सगळं उमगलं. सांगायला हवं होतं, हे कळत होतं. पण अप्पांनी किल्ली उचलली होती, काकांवर आळ गेलाच होता, आणि काका काय, आठ दिवसांनी शांत होतात. असा विचार त्याने केला. चाळीशी ओलांडलेल्या, घरदार असलेल्या माणसाने केला.

"जरा आत या," त्याची बायको म्हणाली.

तिने त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला नेलं. आई ओट्यापाशी एका हाताने कप विसळत होती, म्हणून ती दबक्या आवाजात बोलली, पण दात खात.

"तुमचा राखाडी शर्ट. उजव्या बाहीला ग्रीस. त्या रविवारी घरी आलात तेव्हा म्हणालात, दाराच्या बिजागरीचं लागलं. तो डाग मी तीनदा धुतलाय."

"अगं, हळू..."

"बिजागरीचं ग्रीस इतकं नसतं. तेव्हाच वाटलं होतं मला. पण म्हटलं जाऊ दे."

"मी चांगल्यासाठीच केलं गं."

"ते मला माहितीये. मी तुमच्या बाजूनेच होते. पडदे मी लावले, खोली मी आवरली, अप्पांना परवाना सोडायला लावा म्हणून तुमच्या मागे मीच लागले होते. कारण मलासुद्धा वाटलं, म्हातारपण आलं." तिचा आवाज आता दबका राहिला नाही. "आणि तिकडे तो बिचारा माणूस बॅग भरतोय! त्याला जायला दुसरं घर आहे का? तुम्ही सांगताय, की मी जाऊन सांगू?"

"कोणाला काय सांगायचंय?" आईने वळून विचारलं.

थोरल्याने आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग तो शेडकडे गेला, आणि त्याच्यामागे दोघी.

"अप्पा," तो म्हणाला, "काकांनी नाही. स्क्रू मी आवळला. अपघाताच्या आधीच्या रविवारी. पेटी ढिली होती, मला भीती वाटली, म्हणून मी..."

धाकटीच्या हातातला पाना टेबलावर आपटला. "दादा! आणि तू बारा दिवस अप्पांना..."

"मला माहीत नव्हतं! शप्पथ! मला वाटलं, मी नीट केलंय."

अप्पांनी हात वर करून दोघांना थांबवलं. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी कातारी विचारतो तसा प्रश्न विचारला.

"आवळताना चाकं कुठे होती?"

"चाकं? कुठे म्हणजे... गाडी उभी होती तशीच. बाहेर उतारावर."

"म्हणजे भिंतीकडे."

"हो. आपण नेहमी लावतो तशीच."

या घराचा तो जुना शिरस्ता. आजोबांचा हँडब्रेकवर कधी विश्वास नव्हता. त्यांनी सक्त ताकीद देऊन ठेवली होती की गाडी उतारावर उभी करताना चाकं पूर्ण वळवून भिंतीला लावायची, म्हणजे सुटली तरी तिथेच अडेल. आजोबा गेले, हँडब्रेक दोनदा नवा बसवून झाला, तरी घरात कोणीही गाडी लावली की चाकं आपोआप भिंतीकडे वळत.

धाकटीने दांडा एका टोकाला नेला आणि हलवून दाखवला. "हे बघ. चाकं पूर्ण वळलेली असली की पेटी इथे असते. इथे ती मुळातच सैल असते, मुद्दाम तशी बनवतात. घट्ट असते ती मध्यावर, गाडी सरळ चालते तेव्हा. म्हणून आवळायची ती चाकं सरळ करूनच. तू इथली ढिलाई घालवलीस, तेव्हा मध्यावर तिचा गळाच आवळला गेला. तुझ्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं?"

"मधला भाग मी पुढे ढकलला," थोरला म्हणाला.

तेव्हा मात्र अप्पांचा बांध फुटला.

"पुढे ढकलला! दोन मिनिटं धीर नाही धरवला तुला, आणि माझी चाळीस वर्षं एका संध्याकाळी मोडीत काढलीस! डॉक्टरसमोर काय म्हणालास? 'त्यांना आता रस्त्याचा अंदाज येत नाही.' मी शेजारी बसलो होतो रे! मला विचारलं नाही कोणी. मी आहे की नाही हेसुद्धा कोणी बघितलं नाही. माझा परवाना, माझी किल्ली, माझं घर, सगळ्याचा फैसला तुम्ही बाकावर बसून केलात. आणि तू, सूनबाई, पडदे लावलेस!"

"चुकलं, अप्पा," ती म्हणाली. ती रडत होती आणि अश्रू पुसायची तिला शुद्ध नव्हती.

"अप्पा, तुम्ही मला ढिलाई सांगू दिली असती तर," थोरल्यालाही आता राग आवरला नाही. "एकदा तरी! मी काही बोललो की 'तुला काय कळतंय'. मग चोरून नाही करणार तर काय करणार?"

"कळत नव्हतंच की!"

"झालं तुमचं?" आई म्हणाली.

ती दारात उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. 

"किती वेळ ऐकतेय मी. अप्पांचे हात, अप्पांची किल्ली, दादाचा स्क्रू. मनगट कोणाचं मोडलं? बारा दिवसांत एकाने विचारलं नाही की गाडीत काय झालं. गाडीत मी होते ना? मला डोळे नव्हते?" ती अप्पांकडे वळली. "फाटकातून निघताना तुम्ही चाक दोन्ही हातांनी ओढत होतात. मी म्हटलं, अहो, असं काय करताय? तुम्ही काय म्हणालात?"

अप्पा टेबलाची कड धरून उभे होते.

"खांदा धरलाय, म्हणालात. खोटं बोललात माझ्याशी. चाक जड लागत होतं तर थांबायचं होतं तिथेच! ह्या मुलांना कळत नाही एक वेळ. तुम्हाला तर कळत होतं!"

"खोटं नाही बोललो गं," अप्पा म्हणाले. त्यांचा सगळा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "मला खरंच वाटलं खांदा आहे. वर्षभर सगळे सांगतायत, अप्पा जपून, अप्पा सावकाश, अप्पा आता वय झालं. चाक जड लागलं तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात पेटी आली नाही. मी आलो. म्हटलं, झालं, हेच ते. आणि तुला कळू नये म्हणून ओढत राहिलो."

थोरला मटकन स्टुलावर बसला. धाकटी पेटीवरचं तेल पुसायला लागली, जिथे तेल नव्हतं तिथेसुद्धा. काका बॅग हातात घेऊन दाराशी येऊन ठेपले होते. त्यांनी शेवटची दोन वाक्यं ऐकली आणि बॅग हळूच खाली ठेवली.

"काकांची माफी माग," आई थोरल्याला म्हणाली. "मग ती बॅग तू रिकामी कर. कपाटात नीट घड्या घालून ठेव. आणि तुम्ही पण मागा," हे अप्पांना. "हिरव्या रंगाची काढली होतीत ना मघाशी? त्याची पण."

दोघांनी माफी मागितली. काका म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," पण घड्या घालताना थोरल्याला तीनदा घालायला लावल्या.

दुपारी नवी पेटी चढली. अप्पांनी धाकटीला चाकं सरळ करायला लावली, एकदा नाही, चारदा तपासून घेतली. पेटीचा मध्य टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजून काढला. आर्म खुणेवर बसला, तीन बोल्ट आवळले, तेल भरलं, चाक बसवलं, हॉर्नची वायर जोडली. थोरला आज नुसता दिवा धरून उभा होता आणि दिवा जिथे धर म्हणतील तिथे धरत होता. चार वाजता गाडी शेडमधून बाहेर आली.

"मी येते," आई म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत शेजारी जाऊन बसली.

थोरल्याने फाटक उघडलं. गाडी सावकाश आली आणि फाटकात थांबली. अप्पांनी चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग काच खाली केली.

"अरे, इकडे ये जरा."

थोरला खिडकीशी गेला.

"हात घाल आत. चाक फिरवून बघ. हलकंच आहे ना?"

अप्पांनी गाडीबद्दल आपल्याला कधीतरी काही विचारावं, म्हणून थोरला अठराव्या वर्षापासून वाट बघत होता. आज त्यांनी विचारलं. त्याने खिडकीतून हात घातला, चाकाला बोट लावलं, आणि ते लोण्यासारखं फिरलं.

"हलकं आहे, अप्पा."

"नक्की?"

"नक्की, अप्पा. एका बोटाने फिरतंय."

"नाही, म्हणजे मला वाटतंय तसं. पण म्हटलं विचारावं." त्यांनी पलीकडे धाकटीला हाक मारली. "तू बघितलंस ना गं? तुलाही हलकं वाटलं?"

धाकटीने मान हलवली. 

"ऐकलंत?" आई खिडकीतून मुलांवर कडाडली. "ऐकून ठेवा! चाळीस वर्षं या माणसाने गाडीतलं कोणाला काही विचारलं नाही. पेटी तुम्ही बदलून दिलीत. हे 'नक्की?' आता कोण काढून देणार आहे?"

 थोरल्याने चाकावरचा हात काढून घेतला.

"अहो, हलकं आहे," ती अप्पांना म्हणाली, वेगळ्याच आवाजात. "मी सांगते. निघा."

गाडी उतारावरून निघाली, नेहमीच्या निम्म्या वेगाने. खालच्या वळणापाशी तिचे मागचे दिवे लागले आणि ती भर रस्त्यात उभी राहिली. मागून आलेल्या कोणीतरी हॉर्न वाजवला, मग आणखी जोरात वाजवला. फाटकातले चौघे बघत राहिले. धाकटी म्हणाली, "अप्पा, जा ना," पण ते इतकं हळू म्हणाली की शेजारी उभ्या वहिनीलासुद्धा नीट ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळाने दिवे विझले, गाडी वळली आणि सरळ झाली. त्या हॉर्न वाजवणाऱ्याच्या मागे धावत जाऊन त्याची कॉलर धरावी असं थोरल्याला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कळलं की सबंध वर्षभर तो हॉर्न आपणच वाजवत होतो.